वाळवंटात कसं जावं: काही जुने सल्ले

मस्कतहून दोन-अडीच तास गाडी हाकली की बिदिया नावाचं गाव लागतं. तिथे वाळू जवळजवळ डांबरी रस्त्याच्या कडेला येऊन टेकते. समोरचं वाळवंट पूर्वी वहिबा म्हणून ओळखलं जायचं, हल्ली नकाशांवर शर्किया असं लिहितात. आत जाणाऱ्या गाड्या आधी इथल्या टायरच्या दुकानांपाशी थांबतात. आम्हीही थांबलो होतो. दुकानातला माणूस केरळचा, हिंदी मोडकंतोडकं. चारही चाकांतली हवा जवळपास निम्मी काढताना तो आम्हाला सूचना सांगत होता. पाणी माणशी पाच लिटर तरी हवं. दुपारी बाराच्या आधी पोचा. एकटी गाडी नेऊ नका, दुसरी गाडी असू द्या. रुतलात तर चाक फिरवत बसू नका. आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालत निघू नका.

गाडी भाड्याने देणाऱ्याने दिलेल्या कागदावर हेच सगळं छापलेलं होतं. एक सूचना जादा होती: बदूंच्या घरी कॉफी दिली तर उजव्या हाताने घ्या, पुरे झाली की कप हलवून परत द्या.

अशा याद्या आपण वाचतो आणि विसरतो. पण यातली प्रत्येक ओळ कधीतरी कुणालातरी महागात पडलेली आहे. काही ओळींचा पत्ताही सापडतो. तो शोधत गेलं की दिसतं, यादी शतकानुशतकं तीच आहे: पाणी, वाटाड्या, वेळ, सोबत, पाहुणचार. बदलत गेलं ते इतकंच, की आपण भरवसा कशावर ठेवायचा.

एका डोळ्याचा वाटाड्या

या विषयावरचा सर्वांत चांगला साक्षीदार आपल्याला परका नाही. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी असलेला, देवगिरी-दौलताबाद पाहून गेलेला इब्न बतूता. हिंदुस्थान, मालदीव, चीन अशी भटकंती करून तो मोरोक्कोला परतला आणि १३५२ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सहारा ओलांडून माली राज्यात जायला निघाला.

सुरुवात सिजिलमासाहून. मोरोक्कोच्या दक्षिण टोकाला असलेलं हे खजुरांचं शहर म्हणजे वाळवंटाचं बंदरच. तिथे त्याने उंट विकत घेतले आणि त्यांच्यासाठी चार महिन्यांचा चारा. तांड्याचा म्होरक्या मसूफा जमातीचा अबू मुहम्मद यंदकान. पंचवीस दिवसांनी ते तगाझाला पोचले. तगाझा हे मिठाच्या खाणीचं गाव. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर छपराला उंटाची कातडी. झाड एकही नाही. पाणी मचूळ, माश्या बेसुमार. वस्ती फक्त मसूफांच्या गुलामांची, जे जमीन खणून मीठ काढत. खजूर उत्तरेहून आणि धान्य दक्षिणेहून आलं तरच ते जेवणार. तिथे दहा दिवस कसेबसे काढून, पुढच्या दहा दिवसांच्या निर्जळ पट्ट्यासाठी पखाली भरून तांडा निघाला.

त्या वर्षी नशिबाने थोडा पाऊस झालेला होता. खडकांत पाणी साचलेलं मिळे, कपडेसुद्धा धुता आले. म्हणून सगळे जरा सैल झाले. बतूता आणि काही जण तांड्याच्या पुढे निघून जात, चरायला बरी जागा दिसली की जनावरं सोडत आणि तांडा येईपर्यंत थांबत. तांड्यात इब्न झीरी नावाचा एक माणूस होता. त्याचं आपल्या मामेभावाशी भांडण झालं, तो रागाने मागे राहिला आणि वाट चुकला. मुक्कामाला सगळे उतरले तेव्हा तो नव्हता. बतूताने त्या भावाला सांगितलं, एखाद्या मसूफाला पैसे देऊन माग काढायला पाठव. त्याने नकार दिला. दुसऱ्या दिवशी एक मसूफा एक पैसा न घेता आपणहून गेला. त्याला पावलांचा माग लागला. कधी वाटेवर, कधी वाटेबाहेर. माणूस मात्र मिळाला नाही.

पुढे समोरून आलेल्या दुसऱ्या एका तांड्याने सांगितलं, आमचेही काही जण मागे राहिलेत. त्यातला एक त्यांना सापडला तो मेलेला. एका खुरट्या झाडाखाली, अंगात कपडे, हातात चाबूक तसाच. पाणी तिथून मैलभरावर होतं.

त्यानंतर आपण तांड्याच्या पुढेही गेलो नाही आणि मागेही राहिलो नाही, असं बतूता लिहितो. ‘दुसरी गाडी बरोबर असू द्या’ या सूचनेचं हे मला माहीत असलेलं सर्वांत जुनं आणि सर्वांत प्रामाणिक रूप आहे. कारण ती देणारा माणूस आधी तीच चूक स्वतः करत होता.

पुढचा मुक्काम तासरहला. तिथे पाणी होतं. तांडे तीन दिवस थांबत, पखाली दुरुस्त करत, भरत आणि वाऱ्याने पाणी सुकू नये म्हणून त्यांच्यावर जाडेभरडे तरट शिवत. मग तकशीफ पुढे पाठवला जाई. तकशीफ म्हणजे मसूफांपैकी भाड्याने घेतलेला एक माणूस. त्याने एकट्याने पुढे जायचं, वलाता गावात तांड्याच्या लोकांची पत्रं पोचवायची. पत्रं तिथल्या ओळखीच्यांना असत: आमच्यासाठी घर बघा, आणि पाणी घेऊन चार दिवसांची वाट समोर या. वलातात ज्याची कुणाशी ओळख नसे, तो तिथल्या एखाद्या नावाजलेल्या व्यापाऱ्याला पत्र लिही आणि तो व्यापारी हे काम करी.

आता यातली मेख पाहा. तकशीफ वाटेत मेला तर वलातावाल्यांना तांडा येतोय हे कळणारच नाही. मग तांडाच्या तांडा मरणार. बतूता म्हणतो, असं घडलेलं आहे. वाळवंटात एकट्या माणसाशी भुतं खेळतात, त्याला भुलवून भलतीकडे नेतात, असंही तो नोंदवतो. ते भूत म्हणजे काय, हे तहान आणि एकटेपणा ज्याने अनुभवला असेल त्याला सांगायला नको. वाट तिथे नव्हतीच. आज इथे दिसणारी टेकडी उद्या वाऱ्याने दुसरीकडे गेलेली.

त्यांच्या तकशीफाला शंभर मिस्काल सोनं दिलं गेलं, म्हणजे आजच्या मापाने चारशे ग्रॅमहून जास्त. या माणसाचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा आजारी होता. तरी ती वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. तांडा आता दुपारच्या नमाजानंतर निघून रात्रभर चालत होता आणि सकाळी थांबत होता, कारण हा पट्टा भट्टीसारखा होता. सातव्या रात्री दूर अंधारात शेकोट्या दिसल्या. पाणी घेऊन सामोरे आलेले ते लोक होते. सिजिलमासा सोडल्यापासून दोन महिन्यांनी ते वलाताला पोचले.

हे गाव आज मॉरिटानिया या देशात आहे, आणि १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तकशीफाचं नाव मात्र बतूताच्या ग्रंथात नाही. म्होरक्याचं आहे, हरवलेल्याचं आहे. सगळ्यांचा जीव ज्याच्या एका डोळ्यावर होता, त्याचं नाही.

राणीची टाकी

पाण्याचा प्रश्न माणसांवर न सोडता बांधकामाने सोडवता येईल का? अरबस्तानात हा प्रयत्न त्याच्या पाचशे वर्षं आधी झाला होता. इराकमधल्या कूफाहून मक्केला जाणारा सुमारे चौदाशे किलोमीटरचा हाजचा रस्ता हारून अल-रशीद याची बेगम झुबैदा हिच्या नावाने ओळखला जातो. दर्ब झुबैदा. ठरावीक अंतरावर मुक्काम, विहिरी, पावसाचं पाणी धरणारे बांधीव हौद, मैलाचे दगड, काही पट्ट्यांत धोंडे बाजूला सारून साफ केलेली वाट. झुबैदा ८३१ मध्ये वारली. तिचे हौद आजही सौदी अरेबियात उभे आहेत आणि त्यांतल्या काहींमध्ये पाऊस झाला की पाणी साचतं.

पण हौदाला गाळ काढणारा लागतो आणि रस्त्याला राखणदार लागतो. दहाव्या शतकात कर्मतींनी या वाटेवरचे यात्रेकरूंचे तांडे लुटले आणि कापले. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं आणि वाटेचा धनीच उरला नाही. दगड राहिले, व्यवस्था गेली. पाणी असण्याइतकंच ते सांभाळणारं कुणीतरी असणं महत्त्वाचं, हा या रस्त्याचा धडा.

छापील शहाणपण

एकोणिसाव्या शतकात सल्ला पुस्तकात आला. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १८५४ मध्ये प्रवाशांसाठी सूचनांची पुस्तिका काढली. तिच्यात मुख्य भर उपकरणांवर: कोणती यंत्रं न्यावीत, निरीक्षणं कशी घ्यावीत. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस गाल्टनचं ‘आर्ट ऑफ ट्रॅव्हल’ आलं. पाणी कसं शोधावं इथपासून गाठ कशी मारावी इथपर्यंत सगळं त्यात होतं. इजिप्तसाठी मरेची हस्तपुस्तिका १८४७ पासूनच मिळत होती. थॉमस कुकने १८६९ मध्ये नाईलवर पहिली सहल नेली. बेडेकरचं इजिप्तवरचं पुस्तक मग मागोमाग आलंच.

ही पुस्तकं फार उपयोगी होती, यात वाद नाही. पण त्यांतला वाटाड्या बदललेला दिसतो. बतूताच्या गोष्टीत सगळा तांडा त्याच्यावर अवलंबून आहे आणि त्याला सोन्यात मोबदला आहे. इथे तो नोकरांच्या प्रकरणात आला. दुभाष्याशी करार लेखी करा, बक्षीस किती द्यायचं ते ठरवून ठेवा, फसू नका. वाट सांगणारा माणूस ही सांभाळून वापरायची वस्तू झाली. खरं ज्ञान साहेबाच्या पेटीतल्या यंत्रात, असा त्याचा अर्थ.

१९२३ मध्ये अहमद हसनैन या इजिप्शियन प्रवाशाने उंटांवरून लिबियाचं वाळवंट पार करून उवैनात डोंगराची नोंद केली. नकाशाच्या दृष्टीने तो ‘शोध’ होता. तिथे लोक राहत होते, त्यांचा प्रमुखही होता.

मोटार आली

आमच्या टायरमधली हवा कमी करण्याची सूचना मात्र नक्की आधुनिक आहे. ती नीट घडवणाऱ्यांत राल्फ बॅगनोल्डचं नाव पहिलं. हा ब्रिटिश लष्करातला इंजिनियर १९२० च्या दशकात कैरोला होता. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन फोर्ड गाड्यांमधून लिबियाच्या वाळवंटात जायचा, स्वतःच्या खर्चाने. चाकात हवा कमी असली की टायर पसरट होतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक कमी रुततं. तरी रुतलंच तर चाकाखाली घालायला पोलादी पट्ट्या. त्या त्याला कैरोच्या भंगारवाल्याकडे सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला बनवलेल्या होत्या त्या.

रेडिएटरमधलं पाणी उकळून वाफेने वाया जायचं. त्याने रेडिएटरमधून एक नळी काढून गाडीच्या बाजूला बांधलेल्या, थोडं पाणी भरलेल्या डब्यात सोडली. वाफ डब्यात थंड होऊन पाणी व्हायची आणि इंजिन निवलं की ते पाणी नळीतून आपोआप परत ओढलं जायचं. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र चुकतं, म्हणून त्याने सूर्याच्या सावलीवर चालणारं दिशादर्शक बनवलं: एक तबकडी, मध्ये उभी सुई, तिच्या सावलीवरून दिशा. १९४० मध्ये याच अनुभवावर कैरोत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा राहिला. पुढे त्याच्याबरोबर हिंदी घोडदळातल्या जवानांचीही एक तुकडी याच पद्धतीने वाळवंटात गस्त घालत होती.

बॅगनोल्ड हुशार होता आणि नम्रही. पण त्याच्या पद्धतीत एक नवी गोष्ट होती. विहिरींच्या साखळीने जाणं आता गरजेचं नव्हतं. पाणी, पेट्रोल, दिशा सगळं गाडीत. ज्या वाळवंटात आधी माणसाच्या ओळखीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे कुणालाही न भेटता जाता येऊ लागलं.

गाडी सोडू नका

ही सूचना मला सर्वांत अवघड वाटते. घाबरलेल्या माणसाला बसून राहा म्हणणं सोपं नसतं.

४ एप्रिल १९४३ ला अमेरिकेचं ‘लेडी बी गुड’ हे बॉम्बफेकी विमान लिबियातल्या बेनगाझीजवळच्या तळावरून नेपल्सवर हल्ल्यासाठी निघालं. परतताना रात्री ते तळाच्या वरून पुढे गेलं आणि वाळवंटात शिरलं. आपण अजून समुद्राच्या आसपास आहोत, अशी आतल्यांची समजूत. इंधन संपत आलं तेव्हा नऊ जणांनी उड्या मारल्या. एकाची छत्री उघडली नाही. उरलेले आठ एकत्र जमले आणि उत्तरेला चालू लागले. आठ जणांत पाण्याची एक बाटली, तीही अर्धी. सहवैमानिकाच्या डायरीवरून कळतं की ते आठ दिवस चालले. पाच जणांची शरीरं सव्वाशे किलोमीटरवर मिळाली, काही जण त्याच्याही पुढे गेले होते. इतक्या थोड्या पाण्यात माणूस इतकं चालू शकतो, हे तज्ज्ञांनाही पटलं नसतं.

विमान १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना दिसलं. ते त्यांच्या दक्षिणेला, पंचवीस-तीस किलोमीटरवर, पोटावर घसरत जाऊन बऱ्यापैकी शाबूत उतरलं होतं. आत पाणी होतं, खाणं होतं आणि चालू स्थितीतला रेडिओ होता.

याच्या उलट गोष्ट ‘लिटल प्रिन्स’ लिहिणाऱ्या सँतेक्झ्युपेरीची. १९३५ च्या डिसेंबरअखेर पॅरिसहून सायगावला जाताना त्याचं विमान इजिप्तच्या वाळवंटात आपटलं. तो आणि त्याचा मेकॅनिक प्रेव्हो जिवंत राहिले, पण पाणी जवळजवळ नव्हतंच. ते विमान सोडून चालले. नियमाप्रमाणे त्यांनी मरायला हवं होतं. चौथ्या दिवशी उंटावरून जाणारा एक बदू त्यांना दिसला, त्याने त्यांना पाणी पाजलं. सँतेक्झ्युपेरीने पुढे पुस्तकात त्याच्याविषयी फार आपुलकीने लिहिलं, आणि त्याचा चेहरा आपल्याला आठवणार नाही हेही लिहिलं. नाव तर नाहीच.

म्हणजे नियम बरोबरच आहे: थांबा. पण थांबलेला माणूस वाचतो तो कुणीतरी शोधायला निघालं तर. तुम्ही कुठे गेलात हे कुणालातरी माहीत असलं तर.

ससा

ओमान आणि सौदीच्या मधल्या रिकाम्या वाळवंटात, रुब अल-खालीत, जायचं असेल तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सल्ला एकच होता: ज्या टोळीच्या मुलखातून जाणार तिचा माणूस सोबत घ्या. तिकडे त्याला रबिया म्हणत. त्याने सोबत केली की तुमच्या जिवाची हमी त्याची आणि त्याच्या टोळीची. वेळ आली तर त्याने आपल्याच माणसांविरुद्ध तुमच्या बाजूने उभं राहायचं. बर्ट्रम थॉमस १९३०-३१ मध्ये सलालाहून दोहापर्यंत गेला, तो रशीद टोळीच्या सालिह बिन कलूतच्या भरवशावर. त्याच्यानंतर विल्फ्रेड थेसिजर १९४६ ते १९४८ दरम्यान दोनदा हे वाळवंट ओलांडून गेला. पुढे १९४९ मध्ये तो आमच्या या वहिबातही आला होता.

थेसिजरच्या खुर्जीत मारिया थेरेसाच्या चांदीच्या नाण्यांच्या पिशव्या होत्या. सगळ्या नाण्यांवर साल १७८०, कारण व्हिएन्नात जुन्याच सालाने ती पाडत राहिले होते. किनाऱ्यावर आपला रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि ओमानमध्ये रुपया १९७० पर्यंत टिकला. आत वाळूत मात्र चांदीच.

त्याच्या प्रवासातला एक प्रसंग मला या सगळ्या याद्यांपेक्षा जास्त शिकवून गेला. कित्येक दिवस अर्धपोटी काढल्यावर सोबत्यांनी एक ससा पकडला. सगळे शिजायची वाट पाहत बसले. शिजला, आणि नेमके वाळूच्या टेकाडावरून काही अनोळखी अरब येताना दिसले. पाहुणे. ससा आणि भाकरी त्यांच्यापुढे ठेवली गेली. आमचं झालंय, तुम्ही जेवा, असा आग्रह करून. थेसिजरला त्या क्षणी पाहुण्यांचा जीव घ्यावासा वाटला, हे त्याने मोकळेपणाने कबूल केलं आहे.

हा निव्वळ चांगुलपणा नव्हता. आज ज्याला वाढलं, उद्या आपण त्याच्या विहिरीवर तहानलेले पोचू, हा त्यातला हिशेब सगळ्यांना ठाऊक होता. वाळवंटातला विमा तोच. ‘कॉफी उजव्या हाताने घ्या’ ही आपल्या कागदावरची ओळ त्या विम्याच्या करारातली शेवटची उरलेली ओळ आहे.

या जगाचं उगाच गोड चित्र काढायला नको. रबिया लागायचा, कारण टोळ्या एकमेकांना लुटत आणि मारत. तगाझाचे गुलाम कुणाच्याच हमीत नव्हते. इब्न बतूता १३५३ मध्ये ज्या तांड्याबरोबर परतला, त्यात सहाशे गुलाम बायका होत्या. त्या कशा चालल्या, त्यांतल्या किती पोचल्या, याबद्दल तो गप्प आहे. बांधिलकीचं वर्तुळ होतं, पण त्याच्या बाहेरही माणसं होती.

तरी थेसिजरने एक केलं. ‘अरेबियन सँड्स’ हे त्याचं पुस्तक १९५९ मध्ये आलं, ते त्याने बिन कबीना आणि बिन घबैशा या दोन तरुण सोबत्यांना अर्पण केलं. बतूताच्या एका डोळ्याच्या माणसापासून इथपर्यंत यायला सहाशे वर्षं लागली.

मिस्ड कॉल

आज गाडीत जीपीएस आहे. वाट चुकणं कठीण आहे, पण रेंज जाणं, चाक रुतणं, पाणी संपणं अजून सोपंच आहे. छापील यादी बरोबर आहे आणि ती पाळावी. तिच्यात एकच ओळ मी हाताने लिहून ठेवली आहे.

त्या दिवशी हवा काढून झाल्यावर टायरवाल्याने आमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये घेतला. कुठल्या तंबूवर उतरणार, उद्या किती वाजता परतणार, विचारलं. मग म्हणाला, “पहुँचके एक मिस्ड कॉल देना, साब. शाम तक नहीं आया तो मैं उधर किसी को बोलूँगा.” पैसे त्याने फक्त हवेचे घेतले.

आम्ही पोचलो तेव्हा तंबूपाशी रेंज नव्हती. शेजारच्या टेकाडावर चढून मिस्ड कॉल दिला. दुसऱ्या दिवशी परत हवा भरायला थांबलो तेव्हा मी त्याचं नाव विचारून घेतलं.